मॅडम, क्लचप्लेट गेली!

गाडीचं काहीही बिघडलं, की आपल्याकडे दोनच निदानं तयार असतात. पुरुष चालवत असेल तर ‘रस्तेच बेकार आहेत साहेब’, आणि बाई चालवत असेल तर ‘मॅडम, हाफ क्लचवर चालवता का?’ गाडीतलंच एखादं रबर म्हातारं झालं असेल, ही तिसरी शक्यता कुणाच्या गावीही नसते!

माझी गाडी म्हणजे नऊ वर्षं जुनी, सेकंड-हँड घेतलेली सेडान. (कंपनीचं नाव सांगत नाही. वय झालं की सगळ्यांचंच होतं.) आठवडाभर रिव्हर्स टाकताना ‘खर्रर्र’ असा आवाज यायचा. सोसायटीचा वॉचमनही वळून बघायचा. मधेच वळणावर ब्रेकचा लाल दिवा क्षणभर लागायचा आणि विझायचा. मग एका सोमवारी संध्याकाळी सात वाजता, नळ स्टॉपच्या सिग्नलला क्लच दाबला आणि तो खालीच राहिला. म्हणजे पाय वर आला, पेडल नाही! मागे पीएमपीची बस, शेजारी तीन रिक्षा आणि सगळ्यांचे हॉर्न एका सुरात. बुटाचं टोक पेडलखाली घालून ते वर ओढलं, पाच-सहा वेळा भराभर पंप केलं, तेव्हा कुठे पहिला गिअर पडला.

दुसऱ्या दिवशी गॅरेज. तिथल्या दादानं सीटवर बसून एकदा क्लच दाबला, फक्त एकदा, आणि निकाल दिला. ‘मॅडम, क्लचप्लेट गेली. फुल सेट टाकावा लागेल. गिअर बॉक्स उतरवायचा, दोन दिवस गाडी ठेवा. साडेसोळा हजार धरून चाला.’ आणि मग ते ठेवणीतलं वाक्य, ‘हाफ क्लच मारता ना तुम्ही?’ वर हेही, की ‘घरी कुणाशी बोलायचं असेल तर बोलून घ्या.’ जाता जाता ब्रेक ऑइलची डबी खाली दिसली म्हणून त्यात थोडं ऑइल ओतून दिलं. फुकट! मला तेव्हाच शंका यायला लागली. डबी खाली झाली, तर त्यातलं ऑइल गेलं कुठे? ते काय पेट्रोलसारखं जळत नाही.

आता बातमी दोन सोर्सशिवाय द्यायची नाही, हे मास कॉमच्या पहिल्याच वर्षी डोक्यात हाणलेलं असतं. साडेसोळा हजारांच्या बातमीला तर तीन हवेत. माझा दुसरा सोर्स तिसऱ्या मजल्यावर राहतो. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेले काका. सकाळी सातला सोसायटीच्या बागेला पाणी घालतात आणि दिवसभर कुणाची तरी स्कूटर उघडून बसलेले असतात. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

‘इंजिन पळतं आणि गाडी पळत नाही, असं होतं का गं?’

‘नाही काका. गाडी मस्त पळते. गिअर पडत नाही.’

‘मग तो प्लेटचं नाव कशाला घेतो?’

बॉस, सगळा फंडा या एका प्रश्नात आहे! क्लचचे आजार ढोबळमानानं दोन जातींचे, आणि दोन्ही एकमेकांच्या अगदी उलट. एक म्हणजे क्लच नीट धरत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, काटा वर जातो, पण गाडी चढावर आपल्याच नादात. सोबत जळका वास. ही झिजलेल्या प्लेटची लक्षणं. दुसरा म्हणजे क्लच नीट सोडत नाही. पेडल दाबलं तरी इंजिन आणि गिअर बॉक्सची फारकत होत नाही, म्हणून गिअर अडतो, रिव्हर्सला खरखरतो, पहिला टाकताना गाडी पुढे उडी मारते. बऱ्याच गाड्यांमध्ये रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, म्हणून पहिली तक्रार तिथूनच येते. पेडल मऊ लागत असेल, खाली बसत असेल, पंप केल्यावर सुधारत असेल, तर संशय आधी हायड्रॉलिकवर घ्यायचा. प्लेटवर नाही.

आता हे हायड्रॉलिक प्रकरण काय आहे? मारुती ८०० च्या जमान्यात क्लचला तारेची केबल असायची, सायकलच्या ब्रेकसारखी. तुटली की कळायचं, बदलली की झालं. हायड्रॉलिकमध्ये तारेच्या जागी तेल असतं. पेडलमागे फायरवॉलला एक छोटा सिलिंडर असतो, तो मास्टर. गिअर बॉक्सजवळ दुसरा, तो स्लेव्ह. (नावं जुनाट आणि वाईट आहेत, पण गॅरेजमध्ये तीच चालतात.) दोघांना जोडणारी एक बारीक नळी. तुम्ही पेडल दाबलं की मास्टरमधलं तेल नळीतून स्लेव्हमध्ये जातं, स्लेव्हचा दांडा पुढे सरकतो, फोर्क ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगला, आणि प्लेट मोकळी होते. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे ब्लेझ पास्कलनं लिहून ठेवलं आणि ते छापलं गेलं त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये. नववी-दहावीत आपण ते दोन मार्कांसाठी पाठ केलं आणि सोडून दिलं. नळ स्टॉपला ते असं भेटेल, असं वाटलं नव्हतं!

यातला खरा मजेशीर भाग आकड्यांचा आहे. समजा मास्टरचा व्यास १६ मिलिमीटर आणि स्लेव्हचा २०. म्हणजे स्लेव्हच्या पिस्टनचं क्षेत्रफळ दीडपटीहून थोडं जास्त. त्यामुळे जोर दीडपट वाढतो, पण सरकणं तेवढ्याच पटीत कमी होतं. शेवटी स्लेव्हचा दांडा सरकतो किती, तर साधारण सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर. बस्स! एवढ्याशा हालचालीवर अख्खा गिअर अवलंबून. आता या तेलात हवेचा एखादा बुडबुडा शिरला, तर काय होईल? तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. तुमच्या पायाचा जोर बुडबुडा चेपण्यात संपतो आणि दांडा अर्ध्यावरच थांबतो. इथे चार-पाच मिलिमीटर गेले, की खेळ खलास.

काकांनी रविवारी सकाळी बॉनेट उघडायला लावलं. त्याआधी मात्र त्यांनी वाकून पेडलखालचं मॅट बघितलं. मी हसले, तर म्हणाले, ‘हसू नकोस. मॅटवर मॅट टाकतात लोक, पेडल पूर्ण खाली जात नाही आणि मग गिअर बॉक्स उतरवतात.’ माझं मॅट निर्दोष निघालं. पेडलला दांडा जोडणारी पिन आणि बुश हलवून बघितली. तिथे झीज झाली तरी पेडलचा थोडा प्रवास फुकट जातो. तीही ठीक होती.

मग पहिली टेस्ट. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकायचे. लोण्यासारखे पडले. इंजिन चालू करून, पेडल दाबून टाकायचे. अडले. याचा अर्थ गिअर बॉक्समध्ये लफडं नाही, क्लच सुटत नाहीये. दुसरी टेस्ट प्लेटची. मोकळ्या जागेत, हँडब्रेक घट्ट ओढून, पुढे कुणी उभं नाही हे बघून, तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन गचका खाऊन बंद पडलं पाहिजे. गिअर टाकायला मला चार वेळा पंप करावं लागलं, पण इंजिन मात्र तत्काळ बंद पडलं. म्हणजे प्लेट धरतेय! (ही टेस्ट एकदाच करायची. पुन्हा पुन्हा केलीत तर चांगली प्लेटही जाळाल.) साडेसोळा हजारांतले निम्मे तर मला तिथेच वाचल्यासारखे वाटले.

तिसरी टेस्ट माझी सगळ्यात आवडती, कारण तिला फक्त पाय आणि संयम लागतो. पेडल पंप करून कडक करायचं आणि मग पाय तसाच दाबून मिनिटभर बसायचं. पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर तेल कुठून तरी निसटतंय. बाहेर कुठे ओल दिसत नसेल, तर बहुधा मास्टरच्या आतलं सील तेल मागे सोडतंय. ओल पायाशी, डॅशबोर्डखाली पेडलच्या दांड्यावर दिसली, तर मास्टर बाहेर गळतोय. आणि ओल गिअर बॉक्सपाशी असेल, तर स्लेव्ह. माझी पेडलची बाजू कोरडी ठणठणीत. काकांनी एअर फिल्टरचा डबा बाजूला करून स्लेव्हचं रबरी बूट बोटानं जरासं उचललं, आणि आतून काळं पाणी ठिबकलं. ‘हे बघ. ही तुझी क्लचप्लेट.’ मी पेडल दाबायचं आणि त्यांनी दांडा किती सरकतो ते बघायचं, असंही केलं. अर्धा सेंटिमीटरसुद्धा नाही.

आणि तो ब्रेकचा लाल दिवा? तोही सुटला. पुष्कळ गाड्यांमध्ये ब्रेक आणि क्लच एकाच डबीतलं तेल पितात. क्लचची नळी डबीला मुद्दाम थोडी वरच्या बाजूला जोडलेली असते, म्हणजे क्लच गळून गळून डबी खाली झाली तरी ब्रेकपुरतं तेल तळाशी राहावं. कुणी केलंय त्याला सलाम! वळणावर उरलेलं तेल एका बाजूला झुकलं की दिवा लुकलुकायचा. गाडी आठवडाभर मला सांगत होती आणि गॅरेजवाल्या दादानं त्यावर ‘ऑइल ओतून दिलं’ एवढाच उपचार केला. डबीतलं तेल परत परत खाली जात असेल तर ते ओतत बसणं म्हणजे गळक्या टाकीखाली बादली ठेवण्यासारखं.

हाफ क्लचचंही बोलूनच टाकते. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवली तर प्लेट झिजते, बेअरिंगही लवकर जातं, हे शंभर टक्के खरं. पण रबराचं सील गळण्याशी त्याचा संबंध नाही. सील जातं वयानं, आणि जुन्या तेलानं. हे तेल म्हणजे ब्रेक फ्लुइडच, डॉट ३ किंवा डॉट ४. त्याला हवेतलं पाणी शोषून घ्यायची सवय असते. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ठरलेली किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आपल्याकडचे चार महिन्यांचे पावसाळे बघता हे पाणी शोषायला काही कमी संधी मिळत नाही. त्या पाण्यानं सिलिंडर आतून गंजतो, गंजाचे खड्डे सीलला कापतात, आणि रबराचा चुरा मिसळून मधासारखं तेल डांबरासारखं काळं होतं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आधीच्या मालकानं नऊ वर्षांत ते एकदा तरी बदललं होतं का, हे त्या काळ्या थेंबाकडे बघून कुणीही सांगितलं असतं.

दुरुस्ती? स्लेव्ह सिलिंडर अख्खा नवा. नुसतं किट, म्हणजे आतली रबरं, स्वस्तात मिळतात. पण जुना सिलिंडर आतून खड्डे पडलेला असेल तर नवं रबर काही महिन्यांत परत फाटतं, म्हणून मी त्या फंदात पडले नाही. काकांचं मत होतं की मास्टरही जोडीनं बदलावा, दोघं एकाच वयाचे. मी म्हटलं, पेडलची बाजू कोरडी आहे तोवर राहू दे. यावर आमचा अजून वाद आहे.

काम तसं छोटं. दोन बोल्ट आणि नळीचा एक नट. हा नट मऊ असतो, साध्या पान्यानं त्याची टोकं गोल होतात आणि मग रडायची वेळ येते, म्हणून त्याला नट चहूबाजूंनी धरणारा पाना हवा. तेलाचा थेंब रंगावर पडला तर रंग सोलून काढतं, त्यामुळे फेंडरवर जुनी चादर आणि हाताशी पाण्याची बाटली. मग सगळ्यात महत्त्वाचं, एअर काढणं. स्लेव्हला एक निपल असतो. त्याला पारदर्शक नळी लावायची, नळीचं दुसरं टोक थोडं तेल असलेल्या बाटलीत बुडवायचं. आत बसलेल्यानं पेडल दाबून धरायचं, बाहेरच्यानं निपल उघडायचा, बुडबुडे येऊ द्यायचे, निपल बंद करायचा, आणि मगच पेडल सोडायचं. हा क्रम चुकला तर बाहेर काढलेली हवा परत आत! काका ओरडायचे ‘दाब’, मी ओरडायचे ‘दाबला’, मग ‘धर’, मग ‘सोड’. पाऊण तास हे चाललं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं की कुणाला दवाखान्यात न्यायचंय का. दर आठ-दहा दाबांनंतर डबी भरत राहायची, ती रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दोन गोष्टी इथे जाम सिरीयसली सांगते. एक, डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच तेल. पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल ‘चालतंय हो’ म्हणून कुणी ओतलं, तर खनिज तेलानं आतली सगळी रबरं फुगतात, आणि डबी एकच असेल तर ब्रेकचीही. मग साडेसोळा हजार कमी पडतील. डॉट ५ हे नाव डॉट ४ च्या पुढचं वाटतं, पण ते सिलिकॉनचं, वेगळ्याच जातीचं, यात मिसळायचं नाही. दोन, काम झाल्यावर नुसतं क्लचचं नाही, ब्रेकचं पेडलही दाबून बघायचं आणि मगच गेटबाहेर पडायचं. तुम्हाला स्वतःला हात काळे करायचे नसतील तर नका करू. पण एअर काढताना शेजारी उभं राहायला काय जातं?

सगळं मिळून खर्च झाला दोन हजार एकशे पन्नास. काकांनी मजुरी म्हणून फक्त इडली खाल्ली.

गॅरेजवाल्यांची बाजूही आहे, ती न सांगणं अन्याय होईल. काही गाड्यांमध्ये स्लेव्ह बाहेर नसतोच. तो गिअर बॉक्सच्या आत, शाफ्टभोवती गोल बसवलेला असतो. तो गळला की गिअर बॉक्स उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि मजुरी सगळी त्या उतरवण्याचीच. अशा गाडीची प्लेट ऐंशी हजार किलोमीटर चाललेली असेल, तर मेकॅनिक ‘सोबत सेटही टाकून घ्या’ म्हणतो ते शहाणपणाचं आहे. लुटालूट नाही. म्हणून गॅरेजमध्ये पाऊल टाकण्याआधी एवढं माहीत करून घ्या, की तुमच्या गाडीचा स्लेव्ह आत आहे की बाहेर. बाहेर असेल आणि तरी कुणी एकदाच पेडल दाबून गिअर बॉक्स उतरवायला निघाला, तर थांबवा. ‘प्लेट घसरतेय का, दाखवा’ एवढंच म्हणा. माझ्या अनुभवात या वाक्यानंतर ‘घरी कुणाशी बोलून घ्या’ हा सल्ला मिळत नाही.

‘ऑटोमॅटिक घे ना’ असं सांगणाऱ्यांना आधीच सांगते, एएमटीच्या गाडीतही क्लच असतो. तो दाबणारा पाय फक्त तुमचा नसतो.

यानंतर मी आमच्या ग्रुपमध्ये क्लच एक्स्पर्ट म्हणून उगाचच फेमस झाले. गेल्या पावसाळ्यात एका मैत्रिणीचा ताम्हिणी घाटातून फोन. ‘अगं, क्लच गेलाय, तुझ्यासारखंच झालंय!’ मी विचारलं, गिअर पडतायत? ‘एकदम मस्त पडतायत. पण चढावर इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी चालतच नाही. वास पण येतोय.’ म्हटलं, बाई, हे माझ्यासारखं अजिबात नाही. पुण्यात परत आल्यावर तिचा मेकॅनिक म्हणे, ‘मॅडम, एअर आली असेल, आधी ऑइल बदलून बघू.’ तिनं हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून त्याच्यासमोरच क्लच सोडला. इंजिन बंद पडलंच नाही, आरामात चालू राहिलं. चौथ्या दिवशी तिनं जुन्या प्लेटचा फोटो पाठवला. वरचं मटेरियल पार संपून रिव्हेट चकाकत होते.